आगकाड्यांची मौज

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत दाखविल्यानंतर धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. जवळचे त्र्यंबकेश्वर हे त्यांचे जन्मग्राम होय. पौराणिक चित्रपटांबरोबर ते छोटे विनोदी चित्रपटही रचीत. ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटास जोडून दाखविलेला ‘पिठाचे पंजे’ हा त्यांपैकीच एक.

१९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन इंग्लंडला गेले. तेथे त्यांची वाहवा झाली. परंतु त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. कोरी फिल्म परदेशातूनच येत असे. ती मिळणे कठीण झाले. भांडवल पुरविणाऱ्यांनीही हात आखडता घेतला. मोठा चित्रपट काढावा, तर पैसा नाही. स्वस्थ बसावे, तर नुकतीच रुजलेली कला सुकून जाणार! अशा पेचात फाळके सापडले.

तेव्हा त्यांनी चक्क आगकाड्यांना नट बनविले! काड्यांची एक आकृती मांडावयाची, तिचे एकच चित्र घ्यावयाचे, मग काड्या किंचित सरकवून पुन्हा एक चित्र घ्यावयाचे, अशी ही रीत. ती चित्रे पडद्यावर भराभर सरकू लागली, की निर्जीव काड्या जिवंत झाल्याचा भास होई. सेकंदाला १६ चित्रे धरली, तरी एका मिनिटासाठी ९६० चित्रे हवीत! यावरून या कामास किती चिकाटी लागत असेल, याची कल्पना येते. १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपताना फाळक्यांनी हीच युक्ती वापरली होती. आता तिच्यातून ‘आगकाड्यांची मौज’ हा चित्रपट निर्माण झाला.

अडचणीच्या या काळातच त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा अनुबोधपटही काढला. आपली विद्या झाकून न ठेवता ती लोकांना उलगडून दाखवावी, ही त्यांची वृत्ती त्यात दिसते. त्याचा काही भाग आजही उपलब्ध आहे. त्यात काम करणारे फाळके आपणांस पाहावयास मिळतात.

पुढे १९१७ साली ‘लंकादहन’ हा चित्रपट पाहण्यास प्रेक्षकांची रीघ लागली, आणि १९१८ साली नाशिकमध्ये ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. ‘आगकाड्यांची मौज’ हा चित्रपट मात्र काळाच्या ओघात नष्ट झाला. पण युद्धाच्या त्या दिवसांत फाळक्यांचा कॅमेरा थांबला नाही, याचे श्रेय त्या इवल्याशा काड्यांनाही द्यावयास हवे.