रोगपरीक्षेतील विकरे आणि लोहकण

गाय भरत आलेली असता गाभडली, की सांसर्गिक गर्भपाताचा संशय येतो. घरात कोणी चार दिवस तापाने फणफणला, की डेंग्यूचे नाव निघते. दोन्ही प्रसंगी रक्ताचा नमुना प्रयोगशाळेकडे रवाना होतो, आणि तेथून येणाऱ्या एका शब्दावर पुढील पुष्कळ व्यवस्था अवलंबून असते. हा शब्द कशाच्या आधारे उच्चारला जातो, हे जाणून घेणे शेतकरीवर्गास अगत्याचे आहे.

या कामी बहुधा ‘एलायझा’ नावाची परीक्षा योजतात. ती स्टॉकहोम येथील एंगवाल व पर्लमन यांनी 1971 साली प्रसिद्ध केली. गुरांच्या परीक्षेचे उदाहरण घेऊ. प्लॅस्टिकच्या तबकातील लहान खळग्यांच्या तळाशी रोगजंतूचा अंश चिकटविलेला असतो. त्यावर गुराच्या रक्तातील निवळ घालतात. त्या जंतूविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे निवळीत असल्यास ती तळाशी चिकटून बसतात. नंतर खळगे धुऊन त्यांत दुसरे प्रतिपिंड सोडतात. त्यास पेरॉक्सिडेज नावाचे विकर जोडलेले असते. पुन्हा धुतल्यावर हे विकर बाधित खळग्यातच शिल्लक राहते, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साह्याने वरील रंगहीन द्रवास निळा रंग आणते. प्रतिपिंड हा ओळख पटविणारा साक्षीदार, तर विकर हा दवंडी पिटणारा होय. साक्षीदार कितीही खरा असला, तरी दवंडी न पिटली गेल्यास गावास काय कळणार?

आपल्या प्रांतात या विद्येचे मोठे केंद्र म्हणजे पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. डेंग्यू व चिकुनगुन्या यांच्या परीक्षेचे संच ही संस्था ठरावीक रुग्णालयांस पुरविते. 2020 साली कोरोनाच्या साथीत याच संस्थेने ‘कोविड कवच’ हा संच सिद्ध केला. त्यात अडीच तासांत एकदम 90 नमुने तपासता येत.

परंतु या दवंडीवाल्याची प्रकृती नाजूक आहे. पेरॉक्सिडेज हे मोहरीच्या कुळातील हॉर्सरॅडिश नामक वनस्पतीच्या मुळापासून काढतात. ते प्रथिन असल्यामुळे उष्णतेने बिघडते. अंड्याचा बलक उकळल्यावर पूर्ववत होत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून असे संच 2 ते 8 अंशांच्या थंडाव्यात ठेवावे लागतात. आमच्या मराठवाड्यात वैशाखातील पारा चाळिशी ओलांडतो, आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. विकर साफ निकामी झाले, तर पडताळ्याच्या खळग्यासही रंग येत नाही व लबाडी उघडकीस येते. पण ते अर्धवट दुबळे झाले, तर जोरदार रोग दिसतो आणि सौम्य रोग निसटतो. याच कारणाने परीक्षा किल्लारीसारख्या गावी येत नाही. गावासच परीक्षेकडे जावे लागते.

या अडचणीवर एक उपाय 2007 साली पुढे आला. पेकिंग येथील शियुन यान व त्यांचे सहकारी यांना असे आढळले, की लोहचुंबकी दगडाचे अतिसूक्ष्म कण पेरॉक्सिडेजचेच काम करतात. हे कण नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे खनिज आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही बारीक कणांच्या रूपाने असते. 4 ते 90 अंशांपर्यंतच्या उष्णतेतून काढूनही या कणांचा गुण टिकून राहिला. शिवाय ते चुंबकाने गोळा करता येतात. 2015 साली त्याच मंडळींनी इबोला रोगासाठी अशा कणांची पट्टी केली. सुवर्णकणांच्या नेहमीच्या पट्टीहून ती शंभरपट सूक्ष्म निघाली. याचे कारण असे, की सुवर्णकण केवळ स्वतःचा रंग दाखवितो, तर लोहकण आणखी रंग उत्पन्न करीत राहतो.

तथापि एवढ्यावर हुरळून जाणे योग्य नव्हे. लोहकणाचा गुण त्याच्या पृष्ठभागावर असतो. त्यावर प्रतिपिंडाचा थर चढविला, की तो काही अंशी झाकला जातो. कणांचा आकार प्रत्येक घाण्यास सारखा न उतरल्यास निकालही बदलतात. ते आम्ल द्रवात जोमाने काम करतात, तर प्रतिपिंडास असा द्रव मानवत नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की साक्षीदार असलेले प्रतिपिंड स्वतः प्रथिनच आहे. दवंडीवाला लोखंडाचा झाला, तरी साक्षीदारास ऊन बाधणारच. तेव्हा थंड पेटीची गरज कमी होईल. नाहीशी होईलच असे नव्हे. रोजच्या एलायझा संचांत आजही पेरॉक्सिडेजचाच वापर चालतो.

शेतकरी बंधूंनी यातून एवढे ध्यानात घ्यावे. ‘नॅनो’ या नावावर भाळून कोणताही संच विकत घेऊ नये. संच कोणत्या उष्णतेत ठेवावयाचा, त्याची मुदत केव्हा संपते, आणि ज्ञात रोगी व निरोगी नमुन्यांवर तो पडताळला आहे काय, हे आधी विचारावे. पट्टीवर पडताळ्याची रेघ उमटली नाही, तर तो निकाल रद्द समजावा. निकाल ‘निरोगी’ आला आणि गोठ्यात दुसरी गाय गाभडली, तर कागदावर विसंबून न राहता पशुवैद्यास बोलावून नमुना पुन्हा पाठवावा, आणि तोवर दूध उकळल्याशिवाय पिऊ नये. कारण हा रोग माणसासही जडतो.