गुप्तहेरांचे साहेब

विनोदी हेरकथेत मूर्ख हेर लिहिणं तुलनेनं सोपं असतं. तो दारावर आपटतो, चुकीचं बटण दाबतो, शत्रूलाच आपली योजना समजावून सांगतो आणि शेवटी नशिबानं जिंकतो. अवघड असतो त्याचा साहेब. साहेबही तितकाच मूर्ख निघाला तर गोष्ट पोरकट होते. तो खरोखर करडा निघाला तर पहिल्याच भागात या हेराला नारळ देईल आणि मालिका तिथंच संपेल. म्हणजे साहेब शहाणा हवा, पण त्याचं शहाणपण रोज वाया जायला हवं. ही तारेवरची कसरत दूरदर्शन मालिकांच्या इतिहासात सर्वांत चांगली जमली ती अमेरिकेतल्या ‘गेट स्मार्ट’ला. पुढे त्याच मालिकेच्या नव्या अवतारांत ती बिघडत आणि क्वचित सावरत गेली. म्हणून या लेखाचा रोख हेर मॅक्सवेल स्मार्टवर नाही. तो आहे त्याच्या वरच्या खुर्चीत आळीपाळीनं बसलेल्या मंडळींवर.

बॉन्डची लाट आणि एक मेज

‘गेट स्मार्ट’ १८ सप्टेंबर १९६५ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. निर्माते डॅनियल मेलनिक यांना त्या घडीच्या दोन खपाऊ गोष्टी एकत्र हव्या होत्या : जेम्स बॉन्ड आणि इन्स्पेक्टर क्लूझो. लिहायला बसले मेल ब्रुक्स आणि बक हेन्री. एबीसी वाहिनीनं हा प्रस्ताव ‘अमेरिकाविरोधी’ ठरवून परत केला आणि एनबीसीनं तो उचलला. पाच हंगाम आणि १३८ भाग झाले, त्यातला शेवटचा हंगाम सीबीएसवर. १९७० मध्ये मालिका थांबली. तोवर सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार दोनदा आणि नायक डॉन ॲडम्सला अभिनयाचा एमी सलग तीनदा मिळाला होता.

बॉन्डपटांत साहेबाचं काम थोडकं असतं. ‘एम’ फाइल पुढे सरकवतो, दोन शब्द सुनावतो, बॉन्ड विमानात बसतो. बर्नार्ड ली यांनी तो ‘एम’ रुबाबात उभा केला, पण त्याच्या खोलीत कथा रेंगाळत नाही. ब्रुक्स आणि हेन्री यांनी नेमकी हीच खोली मोठी केली. ‘कंट्रोल’ या वॉशिंग्टनमधल्या गुप्तसंस्थेच्या प्रमुखाचं मेज म्हणजे मालिकेचं रंगपीठच झालं. कामगिरी तिथं ठरते आणि तिथंच तिचा पहिला बोजवारा उडतो.

थॅडियस, ऊर्फ चीफ

या प्रमुखाला सगळे ‘चीफ’ म्हणतात. त्याचं पहिलं नाव थॅडियस, पण ते फारसं कुणाच्या तोंडी येत नाही. तरुणपणी तो ‘एजंट क्यू’ होता. ९९ क्रमांकाच्या हेर तरुणीच्या आईसमोर तो हॅरॉल्ड क्लार्क बनून वावरतो. नावं इतकी आणि माणूस एकच : डोक्यावर केस नाहीत, कोट व्यवस्थित, आवाज खर्जातला, चेहऱ्यावर कायमची अर्धशिशी. ही भूमिका केली एडवर्ड प्लॅट यांनी.

निवड मोठ्या हुशारीची होती. प्लॅट विनोदी नट म्हणून प्रसिद्ध नव्हते. ते मुळात गायक होते. ‘रेबेल विदाउट अ कॉज’ (१९५५) मध्ये त्यांनी बिघडलेल्या मुलांशी माणुसकीनं बोलणारा पोलीस अधिकारी केला होता आणि हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) मध्ये वकील. म्हणजे प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर त्यांची प्रतिमा जबाबदार वडीलधाऱ्याची होती. ‘गेट स्मार्ट’मध्येही त्यांनी एकदासुद्धा ‘विनोद करतोय’ असा चेहरा केला नाही. एखादा प्रामाणिक सरकारी अधिकारी देशाच्या सुरक्षेचा प्रश्न घेऊन बसावा तसे ते बसतात, आणि समोरचा माणूस बुटातला फोन कानाला लावून बोलत असतो.

चीफच्या छळाचं शिखर म्हणजे ‘कोन ऑफ सायलेन्स’. गुप्त बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून छतावरून खाली येणारा हा पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट. त्यात बसल्यावर आतल्या दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही. बाहेर उभ्या असलेल्याला मात्र ते पुष्कळदा येतं. यंत्र निकामी आहे हे चीफला पक्कं ठाऊक आहे. ते वापरायचा आग्रह मॅक्सचा असतो, आणि त्याच्या हातात नियम असतो. मालिकेचं खरं मर्म इथं आहे. साहेबापाशी अधिकार आहे, अनुभव आहे, अक्कल आहे; पण नियमावर बोट ठेवणाऱ्या हाताखालच्या माणसापुढे यातलं काहीच चालत नाही. सरकारी कचेरीचे उंबरे झिजवलेल्या कोणत्याही मराठी वाचकाला हे दृश्य समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मग येतं ते वाक्य, ‘सॉरी अबाउट दॅट, चीफ’. साठच्या दशकात ते अमेरिकेत घरोघरी बोललं गेलं. त्यातली गंमत माफीत नाही, संबोधनात आहे. मॅक्स साहेबाला मनापासून मान देतो. त्याच्या मूर्खपणात उद्धटपणाचा लवलेश नाही. म्हणून चीफला त्याचा राग धड काढता येत नाही. मॅक्सच्या आणि ९९ च्या लग्नात, पुढे त्यांच्या जुळ्यांच्या कौतुकातही तो वडीलकीनं हजर असतो. चिडलेला साहेब आणि हतबल पालक अशी दोन माणसं प्लॅट एकाच चेहऱ्यात धरून ठेवतात.

नव्वदीतले ॲडमिरल

चीफच्याही आधीचा चीफ मालिकेत आहे. ॲडमिरल हॅरॉल्ड हार्मन हारग्रेड हे कंट्रोलचे संस्थापक. वय नव्वदीपार, चालताना तोल जातो, आणि राष्ट्राध्यक्षपदी अजून हर्बर्ट हूवरच आहेत अशी त्यांची समजूत. विल्यम शॅलर्ट यांनी हे पात्र केलं तेव्हा ते स्वतः चाळिशीत होते.

ही केवळ म्हाताऱ्याची टिंगल वाटेल, पण काळ आठवून पाहा. १९६१ च्या ‘बे ऑफ पिग्ज’ मोहिमेत क्यूबामध्ये नाचक्की झाल्यावर सीआयएचे दीर्घकाळचे प्रमुख ॲलन डलेस यांना त्याच वर्षी पायउतार व्हावं लागलं. एप्रिल १९६५ मध्ये त्या खुर्चीत निवृत्त व्हाइस ॲडमिरल विल्यम रेबॉर्न आले. नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात त्यांनी नाव कमावलं होतं, पण हेरगिरीचा अनुभव त्यांच्या गाठीशी फारसा नव्हता. वर्ष उलटून थोडे दिवस होतात न होतात तोच, जून १९६६ मध्ये, त्यांची जागा रिचर्ड हेल्म्स यांनी घेतली. हारग्रेड हे रेबॉर्न यांच्यावर बेतले असं म्हणायला आधार नाही. पण गुप्तसंस्थेच्या शिरावर बसलेल्या वयस्क नौदल अधिकाऱ्यावर हसायला त्या वेळच्या प्रेक्षकाला वेगळं शिकवावं लागलं नसणार.

पलीकडचं ऑफिस

कंट्रोलचा शत्रू म्हणजे ‘केऑस’. तिचा जन्म १९०४ चा, बुखारेस्टचा, असं मालिका सांगते. ही दुष्टांची संघटनाही एक कंपनीच आहे. करसवलतीसाठी तिची नोंदणी डेलावेअर राज्यात झालेली आहे! बर्नी कोपेल यांनी साकारलेला झीगफ्रीड हा तिचा ‘जनसंपर्क आणि दहशत’ विभागाचा उपाध्यक्ष. त्यालाही एक मॅक्स सांभाळावा लागतो : किंग मूडी यांचा श्टार्कर. चीफ जे मुकाट गिळतो ते झीगफ्रीड ओरडून बाहेर काढतो, एवढाच दोघांतला फरक.

शीतयुद्धाच्या ऐन भरात, दोन्ही बाजूंचे साहेब सारख्याच त्रासातून जातात असं दाखवणं ही लहान गोष्ट नव्हती. झीगफ्रीड आणि मॅक्स एकमेकांना ठार मारायला निघालेले असतानाही एकमेकांविषयी आपुलकीनं बोलतात. हाडवैर तत्त्वांचं, रडगाणं मात्र एकाच ऑफिसचं.

खुर्ची बदलली

एडवर्ड प्लॅट १९७४ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीनं सीआयएचे कारनामे चव्हाट्यावर आणले. फिडेल कॅस्ट्रोला मारण्यासाठी विषारी सिगार, स्फोटकं भरलेला समुद्रातला शिंपला, रोगट बुरशी लावलेला पाणबुड्याचा पोशाख असल्या कल्पनांवर खऱ्याखुऱ्या साहेबलोकांच्या मेजावर विचार झाला होता. बुटातला फोन यापुढे अगदीच सोज्वळ. मेजामागचा माणूस तरी समंजस आहे, या विश्वासावर प्लॅट यांचा चीफ उभा होता. तोच विश्वास आता उरला नव्हता.

त्यानंतरचे अवतार चाचपडत राहिले. ‘द न्यूड बॉम्ब’ (१९८०) या चित्रपटात चीफ झाले डेना एल्कार. संस्थेचं नावही बदलून ‘पिट्स’ केलं गेलं आणि ९९ ला तर वगळूनच टाकलं. जगभरच्या कपड्यांचा नाश करणारा बॉम्ब हे कथानक, आणि चीफला करण्यासारखं त्यात फारसं काही नाही. १९८९ च्या ‘गेट स्मार्ट, अगेन!’ या दूरचित्रवाणीपटात कंट्रोल केव्हाच बंद पडलेली आहे. मॅक्सला पुन्हा कामावर आणणारे कमांडर ड्रुरी म्हणजे केनेथ मार्स. नट कसलेला, पण चीफ आणि मॅक्समधला वर्षानुवर्षांचा जुना हिशेब इथं नाही, त्यामुळे चिडचिडीला मुळं नाहीत.

सर्वांत बोलकी फजिती १९९५ ची. फॉक्स वाहिनीनं मालिका पुन्हा सुरू केली तेव्हा चीफच्या खुर्चीत स्वतः मॅक्स बसला. ९९ काँग्रेसची सदस्य झालेली, मुलगा झॅक नवा हेर. कागदावर कल्पना झकास : आयुष्यभर साहेबाला छळणारा आता साहेब. पण पडद्यावर वरही गोंधळ आणि खालीही गोंधळ. चुकीची झळ बसणारं कुणी उरलंच नाही. सात भागांत गाशा गुंडाळावा लागला.

२००८ च्या चित्रपटानं हा धडा घेतला. ॲलन आर्किन यांचा चीफ पुन्हा शहाणा, थकलेला आणि तिरकस आहे. स्टीव्ह करेलचा मॅक्स इथं उत्तम विश्लेषक आहे, आणि नेमक्या त्याच कारणानं चीफ त्याला मैदानात पाठवायला तयार नाही. मग हेरांची ओळख फुटते आणि नाइलाजानं त्याला बढती मिळते. चांगल्या कारकुनाला मेजावरून उठू न देणारा साहेब ही चीफच्या स्वभावातली नवी आणि अगदी खरी छटा.

गादीचे वारस

डॉन ॲडम्सनं १९८३ पासून ‘इन्स्पेक्टर गॅजेट’ या चित्रमालिकेला आवाज दिला. तिथला चीफ क्विम्बी आपोआप नष्ट होणारा संदेश गॅजेटला देतो आणि तो कागद शेवटी क्विम्बीच्याच तोंडावर फुटतो. प्लॅट यांच्या सहनशीलतेचं हे लहान मुलांसाठी काढलेलं सार म्हणता येईल.

‘चक’ (२००७ ते २०१२) मधल्या जनरल बेकमन बहुतेकदा पडद्यावरच्या पडद्यातून हुकूम सोडतात. साहेब आता खोलीत नाही, व्हिडिओ कॉलवर आहे. ‘आर्चर’मधली मॅलरी मात्र पूर्ण उलटी. जेसिका वॉल्टरच्या आवाजातली ही प्रमुख हेराची जन्मदात्री आहे, संस्थेचा पैसा स्वतःच्या चैनीला वापरते आणि मुलाच्या मूर्खपणाचं मूळही तीच आहे. प्लॅट यांच्या चीफनं प्रेक्षकाची सहानुभूती कमावली. मॅलरी ती मागतही नाही. आपल्याकडे ‘द फॅमिली मॅन’ (२०१९) मूळची थरारमालिका, पण तीत पगार, कर्ज आणि घरची भांडणं सांभाळणाऱ्या श्रीकांत तिवारीच्या वर कुलकर्णी साहेब बसवावेत, ही मुंबईच्या कचेऱ्यांची नस ओळखून केलेली योजना वाटते.

या सगळ्यांना एका रांगेत उभं केलं तर निवाडा सरळ आहे. साहेबाला जेवढी अक्कल दिली तेवढी मालिका टिकली, आणि खुर्ची विदूषकाला दिली तेव्हा विनोदच मेला. ‘गेट स्मार्ट’ पाहायला घ्याल तेव्हा १९६५ च्या पहिल्या हंगामापासून सुरुवात करा आणि मॅक्स बोलत असताना नजर प्लॅट यांच्या चेहऱ्यावर ठेवा. १९९५ चे सात भाग राहून गेले तरी काही बिघडणार नाही.