छंदातून जोपासलेली निवडुंगाची फुले

निवडुंग म्हटले की शेताच्या बांधावरचे काटेरी कुंपण डोळ्यांपुढे उभे राहते. रुक्ष, ओसाड जमिनीचे ते जणू प्रतीकच मानले गेले आहे. परंतु याच कुळातील काही वनस्पती दमट अरण्यात वाढतात, त्यांना काटे नावापुरतेच असतात आणि त्यांचे फूल चांगले वीतभर लांबीचे असते. आपल्याकडे अंगणात व गच्चीवर ‘ब्रह्मकमळ’ म्हणून कौतुकाने लावले जाणारे झाड त्यांपैकीच एक होय. या वनस्पतींना शास्त्रीय परिभाषेत ‘एपिफायलम’ म्हणतात. त्यांच्या जोपासनेला वाहून घेतलेल्या हौशी लोकांची मंडळे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अनेक वर्षे कार्य करीत आहेत. त्यांच्या कार्यपद्धतीची ओळख आपल्याकडील पुष्पप्रेमींनाही उद्बोधक ठरेल.

पाने नव्हेत, खोडे

एपिफायलमचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिकेतील अरण्ये हे होय. तेथे ते मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर आधार घेऊन वाढते. मात्र बांडगुळाप्रमाणे वृक्षाचा रस शोषीत नाही. बेचक्यांत साचलेला पालापाचोळा व पावसाचे पाणी यांवर त्याचा निर्वाह होतो. आपण ज्यांना त्याची पाने समजतो ती वस्तुतः चपटी, हिरवी खोडे असतात. त्यांच्या कडेवरील खाचांतून कळी फुटते. पांढऱ्या फुलांच्या जाती सायंकाळनंतर उमलू लागतात, मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण फुलतात आणि पहाटे मिटतात. अंधारात दिसणारा पांढरा रंग, दरवळणारा सुगंध व लांब नळी ही सर्व योजना रात्री फिरणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी असते. त्यांच्याकडूनच परागीभवन घडते.

संकरातून रंगांची किमया

याच कुळातील लाल फुलांच्या व दिवसा उमलणाऱ्या जातींशी संकर करण्याचे प्रयोग युरोपात एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. पुढे विसाव्या शतकात कॅलिफोर्नियातील हौशी बागाईतदारांनी हे कार्य उत्साहाने हाती घेतले. परिणामी लाल, गुलाबी, नारिंगी, पिवळ्या, जांभळट अशा नाना छटांचे हजारो वाण निर्माण झाले आहेत. निळा रंग मात्र अद्याप साधलेला नाही. असा प्रयोग करावयाचा तर धीर हवा. बी पेरल्यापासून पहिले फूल पाहावयास चार-पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. आणि शेकडो रोपांतून एखादेच जतन करण्याच्या योग्यतेचे निघते.

मंडळांचे कार्य

‘एपिफायलम सोसायटी ऑफ अमेरिका’ ही संस्था १९४० साली लॉस एंजेलिस येथे स्थापन झाली. या संकरित वाणांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी करण्याचे काम तिच्याकडे आहे. नवा वाण तयार करणारा त्याचे नाव, जनक वाण आणि फुलाचे वर्णन कळवितो व त्याची रीतसर नोंद होते. गावोगावच्या मंडळांचे सदस्य नियमितपणे एकत्र जमतात, फुलांच्या हंगामात प्रदर्शने भरवितात आणि छाट कलमांची देवघेव करतात. कलम देताना वाणाचे नाव शाईच्या लेखणीने थेट त्या हिरव्या खोडावरच लिहिण्याची त्यांची पद्धत आहे. चिठ्ठी गळून पडते, खोडावरचे नाव टिकते!

ही काळजी अनाठायी नाही. संकरित वाणाच्या बियांपासून तोच वाण पुन्हा मिळत नाही. तो केवळ कलमानेच पुढे चालतो. ज्याच्याकडे अखेरचे झाड आहे त्याने ते दुसऱ्यास दिले नाही, तर त्या झाडाबरोबर तो वाणही कायमचा नष्ट होतो. झाड राहिले पण नाव हरवले, तर त्याचा इतिहास संपतो. एखाद्या वयोवृद्ध जोपासकाच्या मागे त्याचा संग्रह विखुरला जाऊ नये म्हणून एकच वाण अनेकांच्या घरी असणे, हाच त्यावर उपाय आहे.

आपले ब्रह्मकमळ

नावाच्या घोटाळ्याचे उदाहरण आपल्या घरीच आहे. खरे ब्रह्मकमळ ही हिमालयात तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर वाढणारी सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती असून ते उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. केदारनाथ व बद्रीनाथ येथे ते देवास वाहिले जाते. आपल्या कुंडीतील फूल त्याहून सर्वस्वी भिन्न, दूरदेशीचा निवडुंग आहे. हे जाणून घेतल्याने त्याच्या सौंदर्यात उणेपणा येत नाही. उलट दोहोंच्या गरजा ध्यानात येतात. एक कलमाने घरोघर पोहोचतो, दुसऱ्याला डोंगरमाथ्यावरच जपावे लागते.

छंद आणि संरक्षण

छंदाला दुसरी बाजूही आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार निवडुंग कुळातील सुमारे ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. संग्राहकांसाठी रानातून झाडे व बिया उचलणे हे त्यामागील एक प्रमुख कारण आहे. १९७५ साली अमलात आलेल्या व भारताने १९७६ मध्ये स्वीकारलेल्या ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ संपूर्ण निवडुंग कुळाच्या व्यापारावर नियंत्रण आणले आहे. घरच्या झाडाचे कलम शेजाऱ्यास देणाऱ्या हौशी माणसाकडून रानाची अशी हानी होत नाही.

जोपासनेच्या दृष्टीने हे झाड सोपे आहे. कलम सावलीत आठवडाभर सुकवून पाण्याचा उत्तम निचरा होणाऱ्या, पालापाचोळ्याचे खत मिसळलेल्या मातीत लावावे. सकाळचे कोवळे ऊन द्यावे. दुपारच्या उन्हात खोडे करपतात. पाणी साचू देऊ नये व पिठ्या ढेकणावर लक्ष ठेवावे. साधारणपणे दोन-तीन वर्षांत फूल येते.

फूल उमलण्याच्या रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावण्याची आणि सकाळी मागेल त्याला एक तुकडा देण्याची रीत आपल्या गावांत व वसाहतींत रूढ आहेच. त्या तुकड्यासोबत झाडाचे खरे नाव व ते कोणाकडून आले, एवढी नोंदही दिली, तर या आनंदाला ज्ञानाची जोड मिळेल.