उंच गाडीचे सुकाणू : स्टिअरिंग आर्म बदलण्यापूर्वी

दगडधोंड्यांतून, ओढ्यानाल्यांतून आणि चिखलातून गाडी हाकण्याचा छंद जगभर फोफावला आहे. गाडीची उंची वाढवणे आणि मोठे टायर चढवणे ही या छंदाची पहिली पायरी. मात्र या पायरीवर एका छोट्या भागाकडे हमखास दुर्लक्ष होते. चालकाने चक्र फिरवल्यावर पुढची चाके प्रत्यक्षात वळवणारा हा भाग म्हणजे स्टिअरिंग आर्म. इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. पण हा आर्म तुटला किंवा ढिला झाला, तर धावत्या गाडीची दिशाच चालकाच्या हातून जाते. म्हणूनच हा आर्म बदलणे हा हौसेपेक्षा सुरक्षिततेचा विषय ठरतो.

स्टिअरिंगची मूळ रचना

अशा बदलाचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे टोयोटाचा छोटा ट्रक. इतरत्र ‘हायलक्स’ या नावाने ओळखली जाणारी ही गाडी अमेरिकेत नुसती ‘टोयोटा पिकअप’ म्हणून विकली गेली. १९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटात नायकाला भुरळ घालणारा काळा ट्रक तो हाच. १९७९ ते १९८५ या काळातील त्याच्या चारचाकी चालनाच्या अमेरिकी आवृत्तीत पुढचा एक्सल एकसंध होता. १९८६ च्या मॉडेलपासून तेथे पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आले. तरीही खडकाळ वाटांवर जाणाऱ्यांची पसंती जुन्या, दणकट एक्सललाच राहिली.

या ट्रकच्या एक्सलच्या प्रत्येक टोकाला ‘नकल’ नावाचा एक पोकळ भाग असतो. तो वर आणि खाली अशा दोन बेअरिंगवर फिरतो आणि चाक वळवतो. नकलला चार स्टडनी बसवलेला लोखंडी हात म्हणजेच स्टिअरिंग आर्म. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला टाय रॉड म्हणतात. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे येणारा दांडा तो ड्रॅग लिंक. बॉक्समधून बाहेर आलेला आणि ड्रॅग लिंकला ढकलणारा हात म्हणजे पिटमन आर्म.

उंची वाढली की काय बिघडते?

मूळ टोयोटा ट्रकमध्ये ड्रॅग लिंक चासीच्या डाव्या बाजूने, पुढे-मागे सरकणारी अशी बसवलेली होती. चाक खड्ड्यात गेले किंवा दगडावर चढले, की एक्सल खाली-वर होतो. आर्म आणि बॉक्स यांच्यातील अंतर त्यामुळे बदलते. पण लिंकची लांबी काही बदलत नाही. परिणामी चालकाने चक्र हलवले नसतानाही चाक किंचित वळते. यालाच ‘बंप स्टिअर’ म्हणतात. गाडी मूळ उंचीवर असताना हा दोष फारसा जाणवत नाही. गाडी उंच केली, की लिंक तिरपी होते आणि दोष वाढत जातो. अरुंद कड्यावरून जाताना आपोआप वळणारे चाक म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण टाय रॉडची. मूळ रचनेत तो पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या खालून जातो. खडकावर सर्वांत आधी आपटतो तो हाच दांडा. तो वाकला, की दोन्ही चाकांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना होतात आणि गाडी जागीच अडकते.

या दोन्ही अडचणींवरचा तोडगा म्हणजे ‘हाय स्टिअर’ आर्म. यात दोन्ही नकलच्या माथ्यावर नवे, जाड आर्म बसतात आणि टाय रॉड पाट्यांच्या वरून जातो. उजव्या आर्मला दोन छिद्रे असतात. एक टाय रॉडसाठी, तर दुसरे ड्रॅग लिंकसाठी. डावीकडच्या बॉक्सपासून निघालेली लिंक आता पुढे-मागे न सरकता गाडीच्या रुंदीत, उजव्या चाकापर्यंत आडवी जाते. लिंक जितकी लांब आणि जितकी आडवी, तितका बंप स्टिअर कमी. त्यासाठी जुना बॉक्स काढून १९८६ नंतरच्या टोयोटा ट्रकचा, पिटमन आर्म आडवा फिरवणारा बॉक्स बसवला जातो. तो जेथे बसतो तेथे चासीला जादा पत्र्याचा आधार द्यावा लागतो. अन्यथा मोठ्या टायरच्या ताणाने चासीलाच तडे जाऊ शकतात.

निवड करताना

पहिला प्रश्न धातूचा. घडीव पोलादाचे किंवा जाड पोलादी ठोकळ्यातून यंत्रावर कापून काढलेले आर्म विश्वासार्ह मानले जातात. स्वस्त ओतीव भाग धक्क्याने वाकण्याऐवजी एकाएकी तुटण्याचा धोका असतो. वाकलेला आर्म निदान इशारा तरी देतो; तुटलेला तोही देत नाही. जुना आर्म तापवून वाकवणे किंवा त्याला तुकडा वेल्ड करून उंची साधणे, हा सर्वांत घातक मार्ग. तापवल्याने पोलादावरील उष्णता-प्रक्रियेचा परिणाम नष्ट होतो आणि वरून धडधाकट दिसणारा आर्म आतून कमकुवत होतो.

दुसरा प्रश्न लांबीचा. आखूड आर्ममुळे चाक लवकर आणि अधिक वळते. पण त्याची किंमत मोजावी लागते. समजा, दगडात रुतलेले चाक वळवण्यासाठी ६०० न्यूटन-मीटर इतका पीळ लागतो. १५० मिलिमीटर लांबीच्या आर्मवर त्यासाठी ४,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलो वजनाइतका जोर पडेल. तोच आर्म १२० मिलिमीटरचा असेल, तर जोर ५,००० न्यूटनवर जाईल. आर्म पाचव्या हिश्शाने आखूड झाला, की लिंक, बॉल जॉइंट, स्टड आणि बॉक्स या सर्वांवरचा भार चौथ्या हिश्शाने वाढतो.

तिसरा प्रश्न कोनाचा. वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावे लागते, कारण त्याचे वर्तुळ लहान असते. म्युनिकचा घोडागाडी बांधणारा गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याने ही युक्ती शोधली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान याने तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. म्हणून ती ‘आकरमान भूमिती’ नावाने ओळखली जाते. टाय रॉड एक्सलच्या मागे असेल, तर आर्मची टोके आतल्या बाजूला कललेली हवीत. मागच्या बाजूसाठी बनवलेले आर्म उलटे करून दांडा पुढे आणला, तर हे गणित उलटते. वळणावर टायर घासतात आणि गाडी जड होते.

चौथा प्रश्न छिद्राच्या उताराचा. बॉल जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि आर्मचे छिद्रही त्याच मापाने निमुळते असावे लागते. टोयोटाच्या आर्ममध्ये दुसऱ्या कंपनीचा जॉइंट ‘साधारण बसतो’ म्हणून कसणे धोक्याचे आहे. दांडा छिद्रात पूर्ण टेकला नाही, तर तो प्रत्येक धक्क्याला हलतो आणि शेवटी मानेपाशी तुटतो.

जोडणीतील बारकावे

गाडी सपाट जागी स्टँडवर घेऊन, मागच्या चाकांना ओट लावूनच काम सुरू करावे. जॉइंट सोडवण्यासाठी हातोड्याऐवजी पुलर वापरणे श्रेयस्कर. दोन्ही बाजूंचे आर्म एकदम न काढता एका वेळी एकच काढावा, म्हणजे नकल जागेवर राहतो.

आर्म आणि नकल यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या शिम असतात. जाणकार मेकॅनिक सर्वांत जास्त काळजी घेतो ती यांची. नकल मध्यावर राहणे आणि बेअरिंगवर योग्य दाब असणे, या दोन्ही गोष्टी शिमच्या जाडीवर अवलंबून असतात. ज्या बाजूच्या, ज्या जागेच्या शिम, त्या तेथेच परत गेल्या पाहिजेत. त्यासाठी काढतानाच त्यांवर खुणा कराव्यात. नवा आर्म कसल्यानंतर, टाय रॉड जोडण्यापूर्वी, आर्मच्या छिद्रात स्प्रिंगकाटा अडकवून नकल ओढून पाहावा. किती किलोवर तो फिरू लागतो, हे कारखान्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडावे. दाब कमी असेल तर चाके थरथरतात. जास्त असेल तर स्टिअरिंग जड होऊन वळणानंतर सरळ येत नाही.

स्टड आणि नट यांच्यामध्ये शंकूच्या आकाराचे, फाक असलेले वॉशर असतात. आर्म स्टडभोवती घट्ट धरून ठेवण्याचे काम ते करतात. त्यांवर किंवा बसण्याच्या जागेवर ग्रीस, रंग, गंज राहता कामा नये. चारही नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत कसावेत. ‘हाताच्या अंदाजाने’ कसलेला नट ही या साऱ्या कामातील सर्वांत महाग बचत. बॉल जॉइंटच्या खाचेच्या नटात नवी स्प्लिट पिन घालावी. खाच जुळत नसेल तर नट सैल न करता थोडा पुढे कसावा.

यानंतर एक्सल पूर्ण लोंबकळलेला आणि पूर्ण दाबलेला, अशा दोन्ही स्थितींत चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. दांडे पाट्यांना, चासीला किंवा इंजिनच्या तेलाच्या टाकीला घासत नाहीत ना, ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हे तपासावे. चाक थांबते ते नकलच्या अडणीवर थांबावे. स्टिअरिंग बॉक्सच्या आतल्या टोकावर नव्हे. शेवटी चाकांची एलाइनमेंट करावी. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर आणि त्यापुढे प्रत्येक खडतर सफरीनंतर नट पुन्हा तपासावेत, कारण नव्याने टेकलेले भाग सुरुवातीला थोडे बसतात आणि नट सैल पडतात.

महाराष्ट्रातील वाहनप्रेमींसाठी

सह्याद्रीच्या वाटांवर वर्षानुवर्षे लोकप्रिय असलेल्या मारुती जिप्सीलाही पुढे एकसंध एक्सल आणि पाटे आहेत. पाटे एक्सलच्या खालून वर नेऊन तिची उंची वाढवली, की ड्रॅग लिंक तिरपी होण्याची तीच समस्या उभी राहते. मात्र अमेरिकेतील डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी बनलेला संच आपल्या उजव्या बाजूच्या स्टिअरिंगला जसाच्या तसा लागू पडत नाही. २०२० मध्ये आलेल्या महिंद्र थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने हा सारा प्रकारच तिला गैरलागू आहे. २०२३ मध्ये भारतात आलेल्या मारुती जिम्नीचा पुढचा एक्सल एकसंध असला तरी तिला पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. तेथे ड्रॅग लिंकचा कोन एक्सल आडवा धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडशी जुळवावा लागतो.

कायद्याचाही विचार आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे हिताचे. अपघात झाल्यास विम्याचा दावाही याच मुद्द्यावर अडू शकतो.

मजबूत आर्म बसवला म्हणजे धोका संपला, असे नाही. पूर्वी जो ताण आर्म वाकवून संपत असे, तो आता स्टड, बॉक्स आणि चासीकडे जातो. म्हणून हा बदल करायचा तर संपूर्ण संचाचा करावा, नाहीतर गाडी मूळ उंचीवरच ठेवावी. उंच गाडी दिमाखदार दिसते खरी. पण घाटाच्या वळणावर आतल्या माणसांचा जीव तिच्या उंचीवर नव्हे, तर नकलवरच्या चार नटांवर अवलंबून असतो.