पावलं मोजण्याचं पेटंट

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघींनी पावलं मोजणारा मनगटी पट्टा बनवला. आत एक अ‍ॅक्सेलरोमीटर आणि एक मायक्रोकंट्रोलर, बस्स. हात झुलला की त्वरणाचा आलेख वर-खाली होतो, त्यातली टोकं मोजायची. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये झकास चालला. मग मेसच्या काकूंच्या हातात बांधला. काकूंनी ओट्यापाशी उभ्या उभ्या पोळ्या लाटल्या आणि पट्ट्याने त्यांना हजारभर पावलं चालवलं!

तरी आमचा उत्साह असा, की 'मनगटावरून पावलं मोजणे' याचंच पेटंट घ्यायचं ठरलं. अर्जाआधी थोडं वाचावं म्हटलं, तर फिटबिट आणि जॉबोनचं भांडण हाती लागलं.

दोन्ही कंपन्या सॅन फ्रान्सिस्कोच्या, दोघींचाही धंदा असल्याच पट्ट्यांचा. मे २०१५ मध्ये जॉबोनने दावा लावला, की आमची माणसं फोडून फिटबिटने आमची गुपितं पळवली. जूनमध्ये पेटंटचा दावा, तोही नेमका फिटबिटचे शेअर बाजारात येण्याच्या तोंडावर. शिवाय अमेरिकेच्या इंटरनॅशनल ट्रेड कमिशनकडे धाव, कारण ते आयात मालच अडवू शकतं. फिटबिटनेही उलट पेटंटचे दावे ठोकले.

खरी गंमत २०१६ मध्ये झाली. कमिशनच्या न्यायाधीश डी लॉर्ड यांनी जॉबोनची उरलेली पेटंट अपात्र ठरवली. झोपेची, तब्येतीची माहिती गोळा करणं आणि तिच्यावर लक्ष ठेवणं ही नुसती अमूर्त कल्पना आहे, म्हणे. काही महिन्यांतच फिटबिटच्या पेटंटांचीही तीच गत! याचं मूळ अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या 'अ‍ॅलिस' निकालात आहे. अमूर्त कल्पना कॉम्प्युटरवर चढवली म्हणून तिचा शोध होत नाही. नर्सबाई वहीत नाडी लिहितात, तेच चिपने लिहिलं तर नवं काय?

गुपितं चोरल्याचा आरोपही त्याच वर्षी कमिशनपुढे टिकला नाही. २०१७ च्या जुलैत जॉबोन मोडीत निघाली, डिसेंबरात दोघांचा समेट झाला. पुढे २०२१ मध्ये फिटबिट गूगलच्या पदरात गेली.

आपल्याकडेही पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये नुसत्या अल्गोरिदमला पेटंट नाही. मग आमच्या हातात उरलं काय? काकू! लाटणं कुठलं आणि चालणं कुठलं हे पट्ट्याला कसं कळावं, ही अडचण. ती आम्ही ज्या पद्धतीने सोडवू, तेवढीच काय ती आमची म्हणता येईल.

एक युक्ती सापडलीय. पण इथे लिहीत नाही. अर्जाआधी छापून आलं तर कायद्याच्या दृष्टीने ती नवी राहत नाही ना! काकूंनाही गप्प राहायला सांगितलंय.