विषाणूची वंशावळ

करोना विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांचा. स्वतःची नक्कल करताना त्यात चुका होतात आणि महिन्याला साधारण दोन टिकून राहतात. पॉझिटिव्ह आलेल्या स्वॅबपैकी काही पुढच्या प्रयोगशाळेत जातात, तिथे हा मजकूर अक्षर न् अक्षर वाचला जातो. कुणाकुणाच्या विषाणूत सारखीच चूक आहे, हे पाहत गेले की संसर्गाची वंशावळ मांडता येते.

२०२१ च्या सुरुवातीला विदर्भात रुग्ण वाढू लागले. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत काटेरी प्रथिनातले दोन बदल एकत्र दिसत होते, ४५२ व्या आणि ४८४ व्या जागी. असे नमुने १५ ते २० टक्के असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्चला सांगितले. याच कुळातली, पण ४८४ चा तो बदल नसलेली शाखा पुढे जगभर पसरली. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिला ‘डेल्टा’ हे नाव दिले.

नमुने कुठून घेतले, याला फार महत्त्व आहे. फक्त पुण्या-मुंबईचेच वाचले, तर मेळघाटात काय चालले आहे ते कळणार कसे? म्हणूनच सांडपाण्याची तपासणी मला मोलाची वाटते. चाचणीला कधीच न गेलेल्या माणसाचा विषाणूही तिथे सापडतो.