हा दवाखाना कुणाचा?

जयसिंगपुरात डॉक्टरांची टंचाई आहे असे कुणी म्हणणार नाही. क्रांती चौकातून कुठल्याही बाजूला वळा, चार दुकाने ओलांडली की डॉक्टरांची पाटी दिसतेच. इथल्या गल्ल्यांना नावांपेक्षा नंबरच जास्त चालतात, त्यामुळे अमक्या नंबरच्या गल्लीतले हाडांचे, तमक्या नंबरच्या गल्लीतले लहान मुलांचे, अशी डॉक्टरांचीही ओळख होऊन बसते. ही आखीव गल्ल्यांची पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली वसवली आणि तिला आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणारा कायदा झाला तेही हेच साल. पेठ तंबाखूवर वाढली, मग उसावर आणि कारखानदारीवर. गावात होमिओपॅथी आणि आयुर्वेदाची महाविद्यालयेही आली.

मग इथल्या माणसाला उपचार मिळण्यात अडचण कसली? पैशाची, हे पहिले उत्तर. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५वी फेरी २०१७-१८ साली झाली. तिच्यात ग्रामीण भागातल्या माणसाला एकदा दवाखान्यात दाखल झाल्यावर, बाळंतपण सोडून, सरासरी किती खर्च आला ते नोंदवले आहे. सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये, खासगीत २७,३४७. म्हणजे सहापटीहून जास्त. इतका फरक असूनही लोक खासगीत जातात आणि त्यासाठी सोने गहाण ठेवतात. सरकारी दवाखान्यातली वागणूक, अस्वच्छता, औषधांचा तुटवडा ही कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यावर भरपूर लिहूनही झाले आहे. जयसिंगपूरच्या बाबतीत मला आणखी एक कारण दिसते, आणि त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नाही. इथल्या माणसाला समोरचा दवाखाना नेमका कुणाचा, तिथे आपल्याला काय फुकट मिळेल आणि तिथून पुढे कुणी पाठवले तर ती चिठ्ठी पुढच्या दारात चालेल का, हेच कळत नाही.

नकाशा समोर घ्या. तालुक्याच्या गावचे, शिरोळचे, ग्रामीण रुग्णालय सात-आठ किलोमीटरवर. सांगली दहा-बारा, मिरज पंधराच्या आसपास. इचलकरंजीचे इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, म्हणजे आयजीएम, तेही वीसेक किलोमीटरच्या आत. आणि आपल्या जिल्ह्याचा ‘थोरला दवाखाना’, कोल्हापूरचे सीपीआर, चाळीस किलोमीटर. महाराष्ट्रात फार थोड्या तालुक्यांच्या नशिबी इतकी सरकारी रुग्णालये इतक्या जवळ आली असतील. गडचिरोलीच्या माणसाला हे सांगितले तर तो आपल्याला रडतराऊत म्हणेल.

आता हीच रुग्णालये मालकांप्रमाणे लावून बघा. खेड्यातले उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. शिरोळ आणि दत्तवाडची ग्रामीण रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखालची. आयजीएम पूर्वी इचलकरंजी नगरपालिकेचे होते, ते राज्याकडे गेले. सीपीआर, सांगलीचे सिव्हिल आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाची. हा विभाग वेगळा, त्याचा मंत्री वेगळा, औषध खरेदीचे अंदाजपत्रकही वेगळे. खुद्द जयसिंगपूर शहर नगरपरिषदेचे. सपाट मुलखात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र हा निकष खेड्यांसाठी आहे, तर २०१३ साली आलेले राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान मुख्यतः ५० हजारांवरच्या शहरांसाठी. पन्नास हजारांच्या मागेपुढे असलेली जयसिंगपूरसारखी गावे या दोन्हींच्या सांध्यावर येतात. खेडे म्हणावे तर नाही, शहर म्हणावे तर नुकतेच.

ही विभागणी कार्यालयातल्या फायलींपुरती राहिली असती तर तक्रार नव्हती. पण ती केसपेपरच्या खिडकीपर्यंत येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले, केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. निर्णय चांगला होता, गाजलाही. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये मात्र त्या निर्णयात नव्हती. जयसिंगपूरच्या हिशेबात याचा अर्थ असा झाला की शिरोळला फुकट, इचलकरंजीला फुकट, पण सगळे जिथे धावतात त्या मिरजेला, सांगलीला आणि सीपीआरला ती घोषणा लागू नाही. बातमीत ‘सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत’ एवढेच वाचलेला माणूस खिडकीपाशी पावती हातात आल्यावर चक्रावतो. त्याच्या दृष्टीने सरकार एकच असते. पैसे थोडे असतात, पण त्याच्या मनात पक्के बसते की हे बोलतात एक आणि करतात एक. पुढच्या वेळी तो थेट गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो.

मिरजेकडे जायची या भागाची सवय मात्र जिल्ह्यांच्या सीमांपेक्षा जुनी आहे. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. अमेरिकन मिशनच्या विल्यम वानलेस या डॉक्टरांचे मिशन हॉस्पिटल मिरजेत १८९४ साली उभे राहिले आणि बघता बघता रुग्णांची रीघ लागली. तेव्हा मिरज पटवर्धनांच्या संस्थानात होते, जयसिंगपूरची जमीन करवीरकरांची, इचलकरंजी घोरपड्यांची जहागीर. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रुग्ण जात होता, आणि त्याला कुणी विचारत नव्हते की तू कुठल्या हद्दीतला. पुढे वानलेस यांना ‘सर’ किताब मिळाला. मिरजेत १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. मिशन हॉस्पिटलचा जुना दिमाख आता राहिलेला नाही, तरी शिरोळ तालुक्यात आजही दुखणे वाढले की घरातले वडीलधारे एकच वाक्य बोलतात, “मिरजंला न्या.” कृष्णेवरचा अंकलीचा पूल ओलांडला की सांगली जिल्हा सुरू होतो, हे रुग्णाच्या गावीही नसते. त्याच्या गावी असायचे कारणही नाही. ते सांभाळायचे काम व्यवस्थेचे.

व्यवस्था ते कसे सांभाळते हे बघायचे तर एखादी संदर्भचिठ्ठी हातात घेऊन पाहावी. अर्धा कागद, कधी केसपेपरचीच मागची बाजू. वर नाव, वय, खाली इंग्रजीत दोन ओळी आणि शेवटी ‘पुढील उपचारासाठी वरिष्ठ रुग्णालयात’. कुठल्या, कुणाकडे, कुठल्या विभागात, हे बहुधा नसते. तिथे खाट आहे की नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. हा कागद घेऊन रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचला की पहिल्यांदा नव्या केसपेपरसाठी रांगेत उभा राहतो. कालच झालेल्या रक्ताच्या तपासण्या पुन्हा होतात, कारण ते रिपोर्ट ‘आपल्या लॅबचे’ नसतात. बाह्यरुग्ण विभाग दुपारी आटोपतो, तोवर निम्म्याच जागी सही झालेली असते. “उद्या या.” ज्याचा आजचा रोज बुडाला त्याने उद्याचाही बुडवायचा. तिसऱ्या दिवशी तो येत नाही आणि नोंदवहीत त्याच्यापुढे ‘रुग्ण आला नाही’ असा शेरा पडतो.

याच दुखण्यावर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे १९९६ रोजी एक निकाल दिला होता. हकीम शेख नावाचा बंगालमधला शेतमजूर १९९२ साली मथुरापूर स्थानकात रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार. कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले, बहुतेक ठिकाणी कारण एकच, जागा नाही. अखेर तो खासगीत गेला. न्यायालयाने म्हटले की तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे राज्यघटनेच्या २१व्या कलमातला जगण्याचा हक्क नाकारणे आहे. भरपाई २५ हजारांची. भरपाईपेक्षा महत्त्वाची आहे ती निकालातली एक सूचना: कुठल्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळणारी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारा, म्हणजे रुग्ण सरळ तिथेच जाईल. कोरोनाच्या दोन वर्षांत अशा यंत्रणा आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात उभ्या राहिल्या. वॉर रूमला फोन लावला की बेड कुठे आहे ते सांगत. तेव्हा राज्याचे आरोग्य राज्यमंत्री राजेंद्र पाटील-यड्रावकर याच शिरोळ मतदारसंघाचे आमदार होते. साथ ओसरली आणि ती सोयही मागे पडली. जे साथीत जमले ते एरवी का जमू नये, याचे उत्तर मला कुठल्याही अहवालात सापडलेले नाही.

हद्दी न मानणाऱ्या दोन गोष्टी मात्र आपल्याकडे आहेत. पहिली १०८. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात ९३७ रुग्णवाहिकांसह ही सेवा सुरू झाली, त्यांतल्या २३३ अतिदक्षतेच्या सोयीच्या. गाडीत डॉक्टर असतो, हे आपल्या राज्याचे वैशिष्ट्य. दुसरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने ती सुरू झाली, २०१३ अखेर राज्यभर गेली, २०१७ साली नाव बदलले. दीड लाखाची मर्यादा आता कुटुंबामागे ५ लाखांवर गेली आहे आणि रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, ती सगळ्यांना खुली आहे. योजनेत नोंदलेले कुठलेही रुग्णालय चालते, जिल्हा कुठलाही असो. योजनेच्या मूळ आराखड्यात रुग्णाला घरी परतायचे एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेसुद्धा धरलेले होते. किती जणांनी ते मागितले असेल?

अडचण येते ती रुग्णालयात पाय ठेवण्याआधी. योजनेसाठी रुग्णाला मदत करणारा आरोग्यमित्र बसतो योजनेतल्या रुग्णालयात, म्हणजे तो भेटतो माणूस तिथे पोचल्यावर. तोवर बहुतेकांचा निर्णय झालेला असतो, पैसेही अर्धे गेलेले असतात. आधार कार्डावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डावर, अशा गोष्टी उघड्या पडतात त्याही ऐन वेळी. कॅन्सरच्या रुग्णाचे तर विचारूच नका. रासायनिक खते, क्षारपड जमिनी आणि पंचगंगेचे पाणी यांच्यामुळे शिरोळ तालुक्यात कॅन्सरची धास्ती घरोघरी आहे. कारणांवर वाद असेल. पण किरणोपचाराला आठवड्यातले पाच दिवस, कधी पाच-सहा आठवडे रोज जावे लागते, यावर वाद नाही. उपचार फुकट झाले तरी सोबतीला जाणाऱ्याचा रोज कोण देणार?

ऊसतोडणी मजुरांची कथा आणखी निराळी. दिवाळी झाली की बीड-अहिल्यानगरकडून टोळ्या येतात आणि फडाशेजारी खोपी पडतात. बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडच्या आशाताईकडे नोंदलेले असते, पोट मात्र इथे वाढत असते. पहाटे कोयता घेऊन फडात गेलेली बाई सकाळच्या ओपीडीला कशी येणार? राज्यभर १ मे २०२३ पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ची वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी ठेवली, ते म्हणूनच मला अलीकडच्या वर्षांतले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. नवी इमारत बांधण्यापेक्षा आहे त्या इमारतीचे दार संध्याकाळी उघडे ठेवणे स्वस्त पडते.

पुराचाही विचार याच ओघात व्हायला हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता आणि सांगलीकडचा रस्ताही बंद होता. नृसिंहवाडी, कुरुंदवाड यांची बेटे झाली होती. उंचावरचे जयसिंगपूर छावण्यांनी भरले. मिरज, सांगली, कोल्हापूर हे तिन्ही आधार एकाच वेळी तुटतात, हे तेव्हा दिसले. २०२१ साली पुन्हा पूर आला. ज्या गावाला पुरात अख्ख्या तालुक्याचा दवाखाना व्हावे लागते, तिथल्या सरकारी सोयीचे मोजमाप फक्त गावाच्या शिरगणतीवर करणे चूक आहे.

सुधारणेचा रस्ता नवा शोधायचीही गरज नाही. २००७ साली महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुण्याची ‘साथी’ संस्था तिच्या समन्वयात होती. आधी पाच जिल्हे, पुढच्या टप्प्यात कोल्हापूरही. गावकरीच उपकेंद्राला गुण देत आणि जनसुनावणीत डॉक्टर, अधिकारी आणि बाया एका मांडवात समोरासमोर बसत. औषध बाहेरून का आणायला लावले, याचे उत्तर तिथे माईकवर द्यावे लागे. जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर दर हंगामात ऊस परिषद भरते, हजारो शेतकरी टनाला किती हवे ते ठरवूनच उठतात, आणि कारखान्यांना ते ऐकावे लागते. त्याच तालुक्यात ‘दवाखाना परिषद’ भरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ज्यांना उसाच्या एफआरपीचा, म्हणजे रास्त दराचा, हिशेब तोंडपाठ आहे त्यांना खाटांचा हिशेब मागणे अवघड नाही.

हद्दीचा हाच पेच थायलंडमध्येही होता. त्यांनी २००१ साली ३० बाथमध्ये उपचार देणारी योजना आणली, पण रुग्णाला आपल्या नोंदणीच्या रुग्णालयातच जावे लागे. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी चार प्रांतांत ओळखपत्रावर कुठेही उपचार द्यायला सुरुवात केली. आपल्याला ओळखपत्रांची कमतरता नाही, उलट रेलचेल आहे. शिरोळच्या डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी मिरजेच्या आणि सीपीआरच्या खिडकीत केसपेपर म्हणून चालावी. शिरोळ तालुक्याला मिरज आणि सांगली ही अधिकृत संदर्भ रुग्णालये म्हणून लेखी जोडून द्यावीत, दोन जिल्ह्यांच्या आणि दोन विभागांच्या सह्यांनिशी. आरोग्यमित्राला आठवड्यातून एक दिवस जयसिंगपूर नगरपरिषदेत आणि हंगामात कारखान्याच्या गेटवर बसवावे. यातल्या एकाही गोष्टीला सिमेंट लागत नाही.

हे व्हायचे तेव्हा होईल. तोवर वाचकांना एक विनंती. घरातली आधार कार्डे आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून नावे जुळतात का ते बघा, सुनेचे आणि नातवाचे नाव राहिले असेल तर तहसील कार्यालयात अर्ज द्या, आणि जन आरोग्य योजनेचा १५५३८८ हा नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा. शेजारी ऊसतोडीची टोळी उतरली असेल तर त्यांनाही सांगा, बीडचे कार्ड इथेही चालते.